पान लावायला शिकताना

डीटीपी म्हणजे संगणकावरचे टायपिंग, असा आमच्या वस्तीत अजूनही समज आहे. मुलगा डीटीपी शिकतो म्हटले की शेजारची खाला विचारते, "मग आता कुठल्या कचेरीत लागणार?" मुलगी शिकते म्हटले की विचारते, "घरी बसून होतं ना ते?" दोन्ही प्रश्न पोटापाण्याचे आहेत, त्यामुळे त्यांना हसण्याचे कारण नाही. पण टायपिंग आणि पान लावणे यांत जेवढा फरक आहे तेवढाच दाणे निवडणे आणि स्वयंपाक करणे यांत आहे. हा फरक आम्हाला कोणत्याही क्लासने शिकवला नाही. विद्यार्थी असताना हाती घेतलेल्या कामांनी तो शिकवला आणि पुढे आमच्यापैकी काहींनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांच्या कामांनी तो पुन्हा शिकवला.

आम्ही म्हणजे सोलापुरातल्या एका महाविद्यालयात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिकणारे सहा जण. चार मुलगे, दोन मुली. कोणाचे अब्बा यंत्रमागावर, कोणाचे भाजी मंडईत. मराठीचे सर वार्षिक अंकाचे संपादक होते. छापखान्यात पान लावून घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून सरांनी ते काम आमच्यावर सोपवले. महाविद्यालयात दोन संगणक आले होते. त्यावर पेजमेकर होते आणि मराठी टाइप करण्याची सोय होती. सर म्हणाले, "अंक निघायला हवा. कसा, ते तुम्ही बघा." आमचे शिक्षण तिथून सुरू झाले.

पुस्तकी माहिती सांगायची तर डेस्कटॉप पब्लिशिंग हा प्रकार १९८५ च्या सुमारास जन्मला. ॲपल कंपनीचा लेझर प्रिंटर आणि ॲल्डस कंपनीचे पेजमेकर त्याच वर्षी बाजारात आले. टेबलावर बसून एकट्या माणसाला पान तयार करता येऊ लागले. पुढे १९९४ मध्ये ॲडोबीने ॲल्डस विकत घेतली. आपल्याकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकची जिस्ट प्रणाली यांच्यामुळे मराठी अक्षरे पडद्यावर आली. त्याआधी खिळे होते. कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावी, गॅलीवर मॅटर बांधी, प्रूफ काढी.

ज्या छापखान्यात आमचा अंक छापला जाणार होता तेथील चाचा असेच जुने कंपोझिटर. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही, पण पान त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसत असे. आम्ही काढून नेलेले पहिले पान त्यांनी हातभर लांब धरले, डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "बेटा, इसको सांस लेने को जगा किधर है?" समास कमी होता, ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळींतले अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही, कारण तिथली उदाहरणे इंग्रजीतली असतात.

चाचांनी दुसरी गोष्ट शिकवली ती फर्म्याची. अंकाचा मजकूर ब्याण्णव पानांचा झाला होता आणि आम्ही खूश होतो. चाचांनी एक मोठा कागद घेतला, त्याला तीन घड्या घातल्या आणि आमच्यापुढे ठेवला. आठ पत्रे, सोळा पाने. म्हणाले, "पेन्सिलने पानांचे आकडे टाका आणि मग कागद उघडा." उघडला तर एकाजवळ सोळा, आठाजवळ नऊ, चाराजवळ तेरा. शेजारच्या दोन पानांची बेरीज प्रत्येक वेळी सतराच. डबल क्राऊन म्हणजे वीस बाय तीस इंची कागदातून साडेसात बाय दहाची सोळा पाने निघतात, म्हणून अंक सोळाच्या पटीत बसवायचा. ब्याण्णवची शहाण्णव करा नाहीतर बारा पाने उडवून ऐंशी करा. आम्ही चार पाने वाढवली आणि त्यात विद्यार्थ्यांच्या चारोळ्या घातल्या. आजही नव्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी संगणक सुरू करू देत नाही. कागदाची घडी घालायला लावतो.

पुढे पान लावण्याच्या कामात आम्ही एका प्रश्नाशी वारंवार येऊन ठेचकाळलो, तो म्हणजे आपल्या नावांचा. 'मोहम्मद', 'मुहम्मद', 'महंमद' ही तिन्ही रूपे छापील मराठीत सापडतात. 'रजिया', 'रझिया' आणि नुक्ता देऊन 'रज़िया' हीही सापडतात. मराठी 'ज' चे दोन उच्चार आहेत, एक 'जग' मधला आणि एक 'जमीन' मधला. उर्दूतला 'ज़' या दुसऱ्याच्या जवळ जातो, म्हणून मराठी लिहिणारा नुक्ता देत नाही. ज्याला तेवढ्याने समाधान नाही तो 'झ' लिहितो. यांपैकी बरोबर कोणते? वार्षिक अंकात नावांची यादी लावताना आमच्यात यावरून दोन दिवस वाद झाला. सरांनी तोडगा काढला: ज्याचे नाव त्याला विचारा. आम्ही वर्गावर्गांत कागद घेऊन गेलो. प्रत्येकाने आपले नाव आपल्या हाताने लिहिले आणि तसेच छापले. एका मुलीने लिहून दिल्यावर विचारले, "खरंच असंच छापणार?" शाळेच्या दाखल्यावर तिचे नाव वेगळे होते, रेशन कार्डावर आणखी वेगळे. स्वतःच्या पसंतीचे नाव तिने छापील पहिल्यांदा पाहिले ते त्या अंकात. कागदपत्रांतल्या एका वेलांटीपायी माणसाला कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात हे आज आपल्या समाजाला सांगायला नको. जो नावे टाइप करतो त्याच्या बोटांवर केवढी जबाबदारी असते, ते आम्हाला तेव्हा कळले.

मराठीचे बारकावेही असेच कामातून समजले. कोकणातल्या एका मित्राच्या कवितेत 'दर्या' होता, म्हणजे समुद्र. एका फॉन्टमधून दुसऱ्या फॉन्टमध्ये मजकूर नेताना त्याच्या 'दऱ्या' झाल्या. मच्छीमाराची होडी डोंगरात जाऊन पडली! रफार आणि अर्धचंद्रासारखा 'र' यांतला हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. तेव्हापासून आमच्या प्रूफाच्या यादीत हा शब्द कायमचा बसला. तसेच 'ल' आणि 'श' चे. मराठीतला पाकळीचा 'ल' आणि हिंदीतला दांडीचा 'ल' वेगळे दिसतात. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' वापरावा असे ठरवून दिले. पण बाजारातले अनेक देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात, त्यामुळे फॉन्ट निवडताना आधी हीच दोन अक्षरे पाहायची सवय मुलांना लावावी लागते. अक्षरांचा असा विचार करणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा फॉन्ट घडवला आणि तो विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे तर वर्तमानपत्रातून कापून आम्ही वहीत चिकटवत असू. नाटक न पाहता नाटकाचा स्वभाव कळावा, असे ते लेखन.

उर्दूची गोष्ट थोडी वेगळी. आमच्यापैकी एकाचे नाना कातिब होते. बोरूने नस्तालीक लिहायचे आणि ते लेखन लिथोवर छापले जायचे. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरत येतो, त्यामुळे ती लिपी सुट्या खिळ्यांत नीट बसलीच नाही. मराठी वृत्तपत्रांकडे कंपोझिटर होते तेव्हा उर्दू वृत्तपत्रांकडे कातिबांची रांग असे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या लेखनावरून मोनोटाइपने नूरी नस्तालीक तयार केले. त्यात एकेका अक्षराऐवजी हजारो जोडरूपे साठवलेली होती. १९९४ मध्ये इनपेज आले आणि कातिबांचे काम झपाट्याने गेले. नाना नातवाला इनपेज शिकताना पाहत बसत. एकदा म्हणाले, "हर्फ तो आ गया बेटा, हाथ नहीं आया." त्यात राग नव्हता. नंतर तेच नातवाच्या खांद्यामागे उभे राहून कोणता शब्द किती ओढायचा ते सांगू लागले. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिप्या एकाच रस्त्यावर भेटतात. आमच्या पुढच्या विद्यार्थ्यांना या रस्त्याहून चांगली प्रयोगशाळा मिळाली नसती. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ असतो, विजापूर वेशीपासून चालत निघायचे आणि दुकानांच्या पाट्या वाचायच्या. कोणती दुरून वाचता येते, कोणती येत नाही आणि का, ते लिहून आणायचे.

मुलांना दिलेल्या कामांपैकी सर्वांत जास्त शिकवून गेले ते रमजानचे वेळापत्रक. सहर आणि इफ्तारच्या वेळांचे ते कार्ड दुकानदार फुकट वाटतात, घरोघर भिंतीवर लागते आणि महिनाभर दिवसातून दोनदा वाचले जाते. इतके वाचले जाणारे दुसरे छापील पान आपल्या घरात क्वचितच असेल. मुलांनी आधी बाजारातली आठ-दहा कार्डे गोळा केली. निम्म्याहून अधिक जागा दुकानाच्या जाहिरातीने आणि मिनारांच्या चित्राने खाल्ली होती, आकडे मुंगीएवढे. आम्ही मुलांना सांगितले, "हे कार्ड पहाटे साडेचारला, मंद दिव्यात, चष्मा न लावता तुमची दादी वाचणार आहे. तिच्यासाठी करा."

मग प्रश्नांची रांग लागली. एक कार्ड मुंबईचे पाहून जसेच्या तसे छापलेले निघाले. एका मुलाने भूगोलाचे पुस्तक काढले. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई आणि सोलापूर यांच्यात सुमारे तीन रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे सोलापुरात सूर्य जवळजवळ बारा मिनिटे आधी उगवतो आणि साधारण तेवढाच आधी मावळतो. मुंबईची वेळ पाहून सोलापुरात सहर करणारा माणूस वेळ टळल्यावरही खात बसेल. मुले गप्प झाली. आकड्याची चूक म्हणजे कोणाचा तरी रोजा, हे त्यांना आमच्या व्याख्यानाने कळले नसते. शहरातल्या मौलाना साहेबांकडे जाऊन त्यांनी वेळा तपासून घेतल्या, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टिक करायची अशा पद्धतीने दोनदा.

दुसरा प्रश्न चंद्राचा. पहिला रोजा कधी हे चंद्र दिसल्यावर ठरते आणि कार्ड त्याआधी छापावे लागते. बहुतेक कार्डांत रोज्याचा क्रमांक ठळक असतो आणि तारीख बारीक. चंद्र एक दिवस मागेपुढे झाला की सगळे क्रमांक सरकतात आणि लोक गोंधळतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या लक्षात आले की वेळ रोज्याच्या क्रमांकाला बांधलेली नसते. सूर्य तारखेप्रमाणे चालतो, म्हणून तारीख आणि वार ठळक हवेत, रोज्याचा क्रमांक फिकट. तिने दोन्ही बाजूंना एकेक जादा तारीख घातली आणि क्रमांकाचा रकाना घरच्यांनी पेनने भरावा म्हणून मोकळा सोडला. वर्गात मुले ओरडली, "रिकामा रकाना छापायचा?" पण त्या वर्षी वस्तीतल्या मुलांनी चाँदरात झाल्यावर आपापल्या घरी बसून ते आकडे भरले आणि कार्डाला घराचा हात लागला.

तिसरा प्रश्न आकड्यांच्या रुंदीचा. अनेक देवनागरी फॉन्टांत '१' अरुंद आणि '६' रुंद, त्यामुळे एकाखाली एक आकडे सरळ उभे राहत नाहीत, नजर घसरून शेजारच्या ओळीत जाते. मुलांनी सारख्या रुंदीचे आकडे असलेला फॉन्ट शोधला आणि दर पाचव्या ओळीखाली बारीक रेघ दिली. शेवटी पडद्यावर गर्द हिरवी दिसलेली जमीन छापल्यावर काळपट आली. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छापखाना चार शाईंनी, हा धडा एका प्रूफात झाला. जमीन पांढरी केली. जाहिरातदार दुकानदार कुरकुरला, "एवढी पांढरी जागा आणि माझं नाव एवढंसं?" त्याच्या अम्मीने कार्ड हातात घेतले आणि चष्म्याशिवाय वाचून दाखवले. पुढच्या वर्षी त्याने दुप्पट कार्डे मागितली.

लग्नपत्रिकेच्या कामातही असाच विचार करावा लागला. पत्रिका उर्दूत की मराठीत, यावर घराघरात चर्चा होते. वधूपित्याचे निम्मे स्नेही मराठी वाचणारे, नानी मात्र उर्दू नसेल तर पत्रिकाच मानत नाहीत. मुलांनी दोन्ही भाषा एकाच पानावर घातल्या. एक डावीकडून, एक उजवीकडून, मधोमध तारीख. आयत छापावी की नाही हाही प्रश्न असतो. पत्रिका उद्या रद्दीत जाणार, पायाखाली येणार. त्यामुळे अनेक जण आयत टाळतात आणि ७८६ लिहितात. काहींना तेही मान्य नसते. डिझायनरने याचा निकाल द्यायचा नसतो, घरच्यांना विचारायचे असते. बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटासाठी लेबल करताना मुलांना कायद्याचा धडा मिळाला. निव्वळ वजन, किंमत, तारीख, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण. एवढे लिहून उरलेल्या जागेत नाव बसवायचे. एक आपा म्हणाल्या, "हमारा नाम दिखना, बस." त्यांचे म्हणणे रास्त होते.

या कामांत मुली मुलांच्या पुढे असतात, हा आमचा अनुभव. पण वर्गात येण्याआधी त्यांना घरातली एक लढाई जिंकावी लागते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या अब्बांनी परवानगी दिली ती एका अटीवर, काम घरातून होत असेल तरच. ते रिक्षा चालवतात. मुलीने रमजानचे कार्ड केले तेव्हा त्यांनी ते आपल्या रिक्षात लावले आणि बसणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "हे आमच्या पोरीने केलंय." पुढे तिला छापखान्यात प्लेट पाहायला जायचे होते तेव्हा तेच तिला रिक्षाने सोडायला गेले. आज ती मराठी पुस्तकांची पाने लावते. सासरी तिचा संगणक तिच्याबरोबर गेला. घरातून काम करण्याची अट कोणाला भिंत वाटेल. तिच्यापुरती तिने त्यात खिडकी काढली. सगळ्यांनाच ती काढता येत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. दोन हुशार मुली अर्ध्यावर वर्ग सोडून गेल्या. त्यांच्या अपुऱ्या पत्रिका आणि लेबले अजून वर्गाच्या संगणकात आहेत.

आता विचारले जाते की मोबाइलवर दोन मिनिटांत पत्रिका तयार होत असताना, आज्ञा दिली की यंत्र चित्र काढून देत असताना, हे सारे शिकायचे कशाला? प्रश्न खरा आहे. साध्या पत्रिकांचे, व्हिजिटिंग कार्डांचे काम कमी झाले आहे. भाव पडला आहे. आम्ही मुलांना खोटी आशा दाखवत नाही. पण मुंबईची वेळ सोलापुरात चालत नाही हे तयार नमुना सांगत नाही आणि 'रजिया' ला तिचे नाव कसे हवे ते विचारत नाही. साधन कोणतेही येवो, पान कोणासाठी आहे हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

आणि एक काम असे आहे की जे आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या वर्षांत आपल्या लेखकांची पुस्तके, अंक, स्मरणिका मोठ्या संख्येने निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच डीटीपीवर झाल्या, म्हणजे जुन्या फॉन्टांत. त्या काळी प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या पद्धतीने बसवले होते. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर मराठीऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो, शोधू म्हटले तर एक शब्द सापडत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि इनडिझाइनच्या २०१३ नंतरच्या आवृत्त्या त्या फायली उघडत नाहीत. सीड्या बुरसटल्या. खिळ्यांवर छापलेले शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही उघडून वाचता येते, पण वीस वर्षांपूर्वीची फाइल येत नाही, अशी ही उलटी गत आहे.

म्हणून गेल्या काही वर्षांपासून आमच्या वर्गाचा शेवटचा प्रकल्प हाच असतो. प्रत्येक मुलाने एक जुना अंक घ्यायचा, फाइल मिळाली तर मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, नाही मिळाली तर छापील पानावरून टाइप करायचा, मूळ पानाशी ओळीओळीने ताडून पाहायचा आणि नव्याने पान लावायचे. काम किचकट आहे. पण ते करता करता मुले लेखकांना वाचतात. एका मुलाने टाइप करता करता थांबून विचारले, "सर, हे आपल्या गल्लीबद्दल आहे?" मराठीत आपल्या गल्लीबद्दल कोणी लिहिले आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते.

वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. आपल्या घरात जुने अंक, स्मरणिका, कवितासंग्रह, एखादी सीडी किंवा फ्लॉपी पडली असेल तर रद्दीत घालण्याआधी जवळच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या शिक्षकांना दाखवा. ती डीटीपी शिकणाऱ्या चार मुलांच्या हाती देता येईल. त्यांना सरावासाठी काहीतरी टाइप करायचेच असते, ते आपले असू द्या.